तेरा वर्षांची दोन पोरं एकसारखी का नसतात

कोल्हापुरातल्या कुठल्याही तालमीत संध्याकाळच्या मेहनतीच्या वेळी गेलात, तर सातवी-आठवीतली पोरं एका रांगेत जोर मारताना दिसतील. त्यातल्या दोघांचे जन्मदाखले काढले तर दोघंही 13 वर्षांचे निघतील. पण एकाला मिसरूड फुटलंय, आवाज घोगरा झालाय, खांदे भरलेत. शेजारचा मात्र अजून पाचवीतल्या मुलाएवढा दिसतो. पहिल्याच्या घरी खुराक वाढतो, कारण पोरगं पैलवान होणार याची सगळ्यांना खात्री पटलेली असते. दुसऱ्याच्या बापाला कुणीतरी सांगतं की याच्या अंगातच नाही, शाळेत लक्ष घालू दे. हा निकाल देण्याची घाई मला फार खटकते, कारण तो पोराच्या ताकदीबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. त्याचं शरीर वाढीच्या कोणत्या टप्प्यावर आहे, एवढंच त्यातून कळतं.

आपण वय वाढदिवसांवर मोजतो. शरीर तसं चालत नाही. मेंदू, हाडं, स्नायू, डोळ्यांचं भिंग या प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं असतं आणि दोन माणसांची वेळापत्रकंही जुळत नाहीत. जन्मापासून म्हातारपणापर्यंतच्या शारीरिक विकासाबद्दलचे बरेचसे सिद्धांत या एका गोष्टीचा उलगडा करण्यासाठीच आलेत.

सुरुवात एका बापाच्या मोजपट्टीपासून झाली. फ्रान्समधल्या माँबेयार नावाच्या सरदाराने 1759 ते 1777 या काळात आपल्या मुलाची उंची साधारण दर सहा महिन्यांनी मोजून लिहून ठेवली. पुढे या आकड्यांचा आलेख काढल्यावर त्यातली खरी गंमत दिसली. उंची वाढत जाते हे कुणालाही ठाऊक होतं, पण वाढीचा वेग जन्मानंतर सतत घसरत जातो, मधली काही वर्षं संथ राहतो आणि वयात येताना एकदाच जोरात उसळी घेऊन कायमचा थांबतो, हे त्या आलेखात स्पष्ट दिसलं.

आकडेच बघा. नवजात बाळाची लांबी साधारण 50 सेंटिमीटर असते. पहिल्या वर्षात ते सुमारे 25 सेंटिमीटर वाढतं, दुसऱ्या वर्षात त्याच्या निम्मं, आणि चौथ्या-पाचव्या वर्षानंतर वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर. जन्माचं वजन पाचव्या-सहाव्या महिन्यात दुप्पट होतं, वर्षाला तिप्पट. त्यानंतर दुसऱ्या वर्षात बाळाचं खाणं कमी झाल्यासारखं वाटतं आणि घरात काळजी सुरू होते. पण वाढच मंदावलेली असते, मग भूकही त्या मानाने उतरते. अंगणवाडीत ताई वजन करून माता-बाल संरक्षण कार्डावर जो ठिपका देतात, त्यात एकट्या ठिपक्याला फारसा अर्थ नाही. रेषा स्वतःच्या वळणाने वर जाते आहे की आडवी पडली आहे, हे बघायचं असतं. पोरगं बारीक असलं तरी रेषा चढती असेल तर ठीक चाललंय. गुबगुबीत बाळाची रेषा तीन महिने आडवी असेल तर दाखवायला न्यावं.

वाढीला दिशाही असते. ती डोक्याकडून पायांकडे आणि मधल्या भागाकडून टोकांकडे जाते. नवजात बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या एक चतुर्थांश असतं, मोठ्या माणसाचं साधारण एक अष्टमांश. म्हणून बाळ आधी मान धरतं, मग बसतं, मग उभं राहतं. आधी सगळा हात फिरवून वस्तू ओढतं आणि नंतर चिमटीत चुरमुरा उचलतं.

1930 मध्ये रिचर्ड स्कॅमन या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने एक आकृती मांडली. आजही बालरोगाच्या पुस्तकांत ती पहिल्या पानांत भेटते. त्याने शरीराच्या वाढीचे चार प्रकार केले. मेंदू आणि मज्जासंस्था सुरुवातीलाच धावत सुटते. दोन वर्षांच्या मुलाचा मेंदू प्रौढाच्या तीन चतुर्थांशाहून मोठा असतो आणि सहाव्या वर्षापर्यंत नव्वद टक्क्यांच्या पुढे जातो. हाडं, स्नायू, फुप्फुसं, एकूण उंची-वजन हे मधल्या वाटेने जातात : आधी वेगात, मग संथ, मग पुन्हा वेगात. जननेंद्रियं दहा-बारा वर्षं जवळजवळ झोपलेलीच असतात आणि मग एकदम जागी होतात. चौथा प्रकार सगळ्यांत विलक्षण आहे. टॉन्सिल, लसिकाग्रंथी, थायमस यांचा समावेश असलेला हा रोगांशी लढणाऱ्या अवयवांचा गट अकरा-बारा वर्षांच्या सुमारास प्रौढापेक्षा जवळजवळ दुप्पट होतो आणि नंतर आक्रसतो. सात-आठ वर्षांच्या मुलाचे टॉन्सिल मोठे दिसतात त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं. पोराला श्वासाचा, झोपेचा किंवा वारंवार घसा धरण्याचा त्रास नसेल, तर नुसत्या आकारावरून घाबरू नये. स्कॅमनच्या रेषांमध्ये पुढच्या अभ्यासांनी दुरुस्त्या केल्या, पण एकाच शरीरात चार वेगळे वेग असतात ही त्याची मांडणी टिकली.

वाढ कशी होते हे यातून कळतं. ती कशामुळे होते यावर मात्र मोठा वाद झाला. अमेरिकी बालमानसशास्त्रज्ञ आर्नॉल्ड गेझेल म्हणत की सगळं आतून ठरलेलं असतं. मज्जासंस्था पिकली की कौशल्य आपोआप येतं. 1929 मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकारी थॉम्पसन यांनी एकसारख्या जुळ्या मुलींवर प्रयोग केला. एकीला 46व्या आठवड्यापासून सहा आठवडे जिना चढायला शिकवलं, दुसरीला थांबवून ठेवलं. दुसरीची शिकवणी 53व्या आठवड्यात सुरू झाली आणि दोन आठवड्यांतच तिने बहिणीला गाठलं. घाई करून उपयोग नाही, हा त्याचा अर्थ घेतला गेला.

पण गेझेल यांच्या चित्रात एक फट होती. नवजात बाळाला बगलेत धरून पाय टेकवले की ते पावलं टाकल्यासारखं करतं. दोनेक महिन्यांत ही हालचाल नाहीशी होते. मेंदू पिकताना जुनी प्रतिक्षिप्त क्रिया दाबून टाकतो, असं कारण दिलं जायचं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एस्थर थेलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 मध्ये अशा ‘विसरलेल्या’ बाळांचे पाय पाण्यात सोडले आणि पावलं परत आली! मेंदूने काही दाबलेलं नव्हतं. त्या वयात मांड्यांवर चरबी इतक्या भराभर चढते की कोवळ्या स्नायूंना पाय उचलवत नाही. पाण्यात वजन हलकं झालं की जमतं. उलट, पावलं टाकणाऱ्या बाळांच्या पायांना छोटी वजनं लावली तर पावलं कमी झाली. थेलन यांचा सिद्धांत यातून उभा राहिला. चालणं मेंदूत आधीपासून लिहून ठेवलेलं नसतं. स्नायूंची ताकद, शरीराचं वजन, तोल, खालची जमीन, समोर दिसणारी आई, या सगळ्यांच्या जुळणीतून ते घडतं. मला हे मत जास्त पटतं, कारण आपल्याकडची आजी बाळाला तेल लावून पायाला व्यायाम देते, पालथं घालते, भिंतीला धरून उभं करते, आणि या सगळ्याचा काहीच परिणाम होत नाही असं गेझेलच्या बाजूने म्हणावं लागेल. जमैकात आया बाळांना असाच मालिश आणि ताण देतात, आणि ती बाळं थोडी लवकर बसू लागतात असं आढळलं आहे.

तरीही दोन-चार महिने पुढे-मागे होण्यात काही बिघडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह सहा देशांतल्या निरोगी मुलांवर अभ्यास करून 2006 मध्ये मानकं दिली. आधाराशिवाय चालण्याचा त्यातला काळ 8.2 महिन्यांपासून 17.6 महिन्यांपर्यंत पसरलेला आहे. काही निरोगी मुलं रांगतच नाहीत, थेट उभी राहतात. दीड वर्ष झालं तरी एकट्याने चालत नसेल किंवा येत असलेली गोष्ट बाळ विसरू लागलं असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांकडे जायला उशीर करू नका. आणि एक विनंती. ज्यात बाळाला बसवून सोडतात तो चाकांचा वॉकर घेऊ नका. त्याने चालणं लवकर येत नाही, पडण्याचा धोका मात्र वाढतो. कॅनडाने 2004 मध्ये त्याच्या विक्रीवर बंदीच घातली. आपला जुना लाकडी पांगुळगाडा वेगळा, तो उभं राहून ढकलायचा असतो आणि तोल बाळाला स्वतःच सांभाळावा लागतो. तोही नजरेसमोरच द्यावा.

आता पुन्हा तालमीतल्या पोरांकडे येऊ, कारण सगळ्यांत जास्त गैरसमज याच वयाबद्दल आहेत.

स्वीडनच्या योहान कार्लबर्ग यांनी 1980च्या दशकात वाढीची तीन पर्वं मांडली. पहिलं बाळपणाचं, ज्यात मुख्य इंधन पोषण. दुसरं बालपणाचं, ज्यात ग्रोथ हार्मोनचं राज्य. तिसरं वयात येण्याचं, ज्यात लैंगिक हार्मोन्सही मदतीला येतात. या तिसऱ्या पर्वाचे बाहेरून दिसणारे टप्पे ब्रिटनचे जेम्स टॅनर यांनी नोंदवले. ते आजही डॉक्टर ‘टॅनर स्टेज’ म्हणून वापरतात. मुलींची उंचीची उसळी साधारण 11-12व्या वर्षी सर्वांत वेगात असते, मुलांची त्यानंतर दोनेक वर्षांनी. म्हणून सहावी-सातवीच्या वर्गात मुली मुलांपेक्षा उंच दिसतात. मुलींना पाळी येते ती या उसळीचा भर ओसरल्यावर, त्यामुळे त्यानंतर उंचीत थोडीच भर पडते. मुलगे दोन वर्षं जास्त वाढतात आणि त्यांचा वेगही थोडा अधिक असतो. पुरुष आणि बायकांच्या सरासरी उंचीत जे 13 सेंटिमीटरच्या आसपास अंतर राहतं, ते इथूनच येतं.

पण दोन निरोगी मुलांत ही उसळी सुरू होण्याचं वय चार वर्षांनीही वेगळं असू शकतं. डाव्या हाताच्या आणि मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय काढता येतं. क्रिकेट मंडळ वयचोरी पकडायला हीच टॅनर यांच्या नावाची पद्धत वापरतं. त्या एक्स-रेत आपल्या दोन पोरांपैकी एकाचं हाड 15 वर्षांचं आणि दुसऱ्याचं 11 वर्षांचं निघालं तरी दोघंही नॉर्मल असू शकतात. उशिरा वाढणारा मुलगा पुढे बरोबरी करतो, कधी पुढेही जातो.

जुने वस्ताद हे जाणत असावेत. गावच्या जत्रेत छोट्या पोरांच्या कुस्त्या लावताना कुणी जन्मदाखला मागत नाही. दोघांना समोरासमोर उभं करून अंगापिंडाने जोड बघतात. इंग्लंडच्या फुटबॉल अकादम्या गेल्या दशकापासून याच पद्धतीचे सामने घेऊ लागल्या आहेत. आई-वडिलांच्या उंचीवरून मुलाची अंतिम उंची अंदाजायची, त्याच्या किती टक्के आज गाठली ते बघायचं, आणि सारख्या टक्क्यांची पोरं एकमेकांविरुद्ध खेळवायची. आपल्याकडे शालेय स्पर्धांत 14 वर्षांखालील, 17 वर्षांखालील असे गट पाडतात. तिथे लवकर वाढलेलं पोरगं निवडलं जातं आणि उशिरा वाढणारं घरी बसतं. आपल्या पेठापेठांतल्या फुटबॉल संघांनी शाळकरी पोरांच्या सरावात तरी ही जोड बघण्याची रीत आणावी, असं मला मनापासून वाटतं.

उंची कशी थांबते हेही समजून घ्या, कारण तिच्या नावावर भरपूर पैसे उकळले जातात. लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची पट्टी असते. तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. तिथे नव्या पेशी तयार होत राहतात तोवर हाड लांबतं. ती पट्टी पूर्ण हाडात बदलली की लांबी कायमची संपते. ती बंद करण्याचं काम बायकांचं म्हणून ओळखलं जाणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन करतं, मुलग्यांतसुद्धा. 1994 मध्ये एका 28 वर्षांच्या पुरुषाची नोंद प्रसिद्ध झाली. त्याच्या शरीरात इस्ट्रोजेनचा परिणामच होत नव्हता. त्याची उंची 204 सेंटिमीटर होती आणि पट्ट्या अजून उघड्या होत्या. पट्टी बंद झाल्यावर लोंबकळून, पावडर पिऊन, गोळ्या खाऊन उंची वाढत नाही. बाराव्या-तेराव्या वर्षी अंग लवकर भरावं म्हणून कुणी स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवलं, तर त्याने पट्ट्या वेळेआधी बंद होऊ शकतात आणि पोरगं बुटकं राहू शकतं. हे प्रत्येक बापाला माहीत हवं.

जोर-बैठकांनी उंची खुंटते ही मात्र भीतीच आहे. नीट शिकवलेल्या, झेपेल तेवढ्या ताकदीच्या व्यायामाने वाढ थांबत नाही. जपायचं ते वेगळ्या कारणासाठी. उसळीच्या वर्षात हाड आधी लांबतं आणि त्यात खनिजं नंतर भरतात. म्हणून याच काळात मनगट, हात मोडण्याचं प्रमाण सर्वांत जास्त असतं. मुलांत स्नायूंची ताकदही उंचीच्या मागून काही महिन्यांनी येते. ‘नुसता वाढलाय, दम नाही’ अशी ज्याची थट्टा होते, त्या पोराला फक्त वेळ हवा असतो. वजन उतरवण्यासाठी अशा पोराला पाणी तोडायला लावणं हा अन्याय आहे.

पूर्ण वाढलेलं शरीरही सगळीकडून एकाच वेळी शिखरावर नसतं. कोल्हापूरचेच खेळाडू बघा. वीरधवल खाडे 2008च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहला तेव्हा 16 वर्षांचा होता. इथल्या राजाराम कॉलेजात शिकलेले खाशाबा जाधव यांनी 1952 मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक मिळवलं ते 26व्या वर्षी. स्वप्निल कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला नेमबाजीचं कांस्य घेतलं, वय 28. आणि तेजस्विनी सावंतने 2018च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकलं 37व्या वर्षी. जिथे दम आणि स्फोटक वेग लागतो तिथे तरुण शरीर पुढे असतं. जिथे स्थिर हात, श्वासावर ताबा आणि वर्षानुवर्षांचा सराव लागतो, तिथे वय आडवं येत नाही, बऱ्याचदा उपयोगीच पडतं. फुप्फुसांची क्षमता पंचविशीच्या आत शिखर गाठते, हाडांची घनता तिशीपर्यंत. डोळ्यांचं भिंग तर लहानपणापासूनच ताठर होत जातं. दहा वर्षांचं पोर सात-आठ सेंटिमीटरवरची अक्षरं स्पष्ट बघतं, पंचेचाळिशीत आपण पेपर लांब धरतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ पॉल बाल्टेस यांनी 1987 मध्ये मांडलं की प्रत्येक वयात काही कमावणं आणि काही गमावणं एकत्रच चालतं. भिंगाइतकं त्याचं चांगलं उदाहरण सापडणार नाही.

काही हिशेब तर जन्माआधीच सुरू झालेला असतो. इंग्लंडच्या डेव्हिड बार्कर यांना जुन्या नोंदींत दिसलं की कमी वजनाने जन्मलेल्या मुलांना उतारवयात हृदयविकाराने मृत्यू जास्त येतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांची तुलना इंग्लंडच्या साउथॅम्प्टनच्या बाळांशी केली. आपली बाळं सरासरी 2.7 किलोची, तिकडची 3.5 किलोची. पण आपल्या बाळांत कमतरता स्नायूंची होती, कातडीखालची चरबी मात्र जवळपास तेवढीच राखलेली होती. दिसायला बारीक, आतून चरबीदार. चाळिशीत साखर निघते तेव्हा तिची एक मुळी आईच्या गरोदरपणातल्या ताटापर्यंत जाते. सुनेच्या ताटात आधी वाढा, हे सांगायला यापेक्षा मोठं कारण नको.

मग शरीर का उतरतं? 1961 मध्ये लिओनार्ड हेफ्लिक यांनी दाखवलं की माणसाच्या साध्या पेशी काचपात्रात 40 ते 60 वेळा विभागून थांबतात. पण त्याहून खोल उत्तर उत्क्रांतीकडे आहे. पीटर मेडावार यांनी 1952 मध्ये म्हटलं की उतारवयात त्रास देणारे दोष निसर्ग गाळत नाही, कारण तोवर मुलं होऊन गेलेली असतात. जॉर्ज विल्यम्स यांनी 1957 मध्ये भर घातली की तरुणपणी फायद्याची जनुकंच पुढे नुकसान करू शकतात. टॉम कर्कवूड यांनी 1977 मध्ये तिसरी बाजू मांडली. शरीराकडची ऊर्जा मर्यादित असते, ती प्रजननाला द्यायची की डागडुजीला, आणि निसर्ग डागडुजीत काटकसर करतो. या तिन्हींतून एक निघतं. म्हातारपण ठरवून लिहिलेलं नसतं, दुरुस्ती कमी पडत गेल्याने ते येतं. म्हणून बाहेरून दुरुस्तीला मदत करता येते.

स्नायूंच्या बाबतीत ती मदत थक्क करणारी आहे. तिशीनंतर दर दहा वर्षांत 3 ते 8 टक्के स्नायू घटतात, साठीनंतर अधिक वेगाने. त्यातही झटकन आकुंचन पावणारे धागे आधी जातात. म्हणून आजोबा ठेचकाळले की तोल सावरायला पाय वेळेत पुढे येत नाही. बायकांत पाळी गेल्यावर हाडंही भराभर विरळ होतात, आणि तेच पडणं खुब्याच्या हाडावर येतं. 1990 मध्ये बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात मारिया फियातारोने यांनी 86 ते 96 वर्षांच्या दहा जणांना आठ आठवडे मांडीचा वजनी व्यायाम दिला. नऊ जणांनी तो पूर्ण केला. त्यांची पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली.

सकाळी रंकाळ्यावर चालणाऱ्यांची गर्दी बघून बरं वाटतं, पण नुसत्या चालण्याने ही ताकद येत नाही. पायांना वजन पेलायला लावावं लागतं. भिंतीला टेकवलेली पक्की खुर्ची घ्या, हात छातीवर दुमडा आणि 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता येतं ते मोजा. अमेरिकी मोजमापात 70 ते 74 वर्षांच्या पुरुषाला 12 आणि बाईला 10 उठण्यांपेक्षा कमी आली तर पडण्याचा धोका धरतात. कमी भरली तर तेच उठणं-बसणं एक दिवसाआड करायचं, आधी हात टेकवून, मग सोडून. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल तर आधी डॉक्टरांना विचारून.

आणि खुराक. आपल्या घरांत दूध, अंडी, बदाम तालमीत जाणाऱ्या नातवाला जातात आणि आजी चहात बिस्किट बुडवून, रात्री ‘हलकं बरं’ म्हणून आमटी-भातावर भागवते. उतारवयात स्नायू प्रथिनांना कमी प्रतिसाद देतात, म्हणून तिची गरज तरुणाहून कमी नसते, किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम असते. 55 किलोच्या आजीला दिवसाला 55 ते 66 ग्रॅम लागतात. एका अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात, वाटीभर घट्ट वरणात साधारण तेवढेच. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टर ठरवतील. नाहीतर सकाळचं एक अंडं आणि रात्रीचं पेलाभर दूध तिच्या वाट्याला आजपासून यायला हरकत नाही.